६० डॉलर देऊन द्राक्षतोडणी

आमच्या घरी द्राक्षाची बाग आहे असं अमेरिकेत कोणालाही सांगितलं की समोरच्याचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला, अरे वा, मग तुमची वाईनरी आहे का? मग मला सांगत बसावं लागतं की नाही हो, पिंपळगाव बसवंतच्या जवळ आमचं चार एकर थॉमसन आणि सोनाका आहे, खायची द्राक्षं, आणि आमच्या घरात वाईन हा शब्द काढला तर माझे काका ताटावरून उठून जातात.

त्याला कारण आहे. २००१ साली राज्य सरकारने वाईनचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि सगळ्या निफाड दिंडोरी भागात वाईनच्या द्राक्षाची हवा झाली. काकांनी पण दीड एकर शिराज लावलं, एका वाईनरीशी करार करून. दोन वर्षं बरी गेली. मग २००८ ची मंदी आली, त्यानंतर वाईनचा उठाव बसला आणि त्या लोकांनी माल उचलला नाही, आधीच्या वर्षीचे पैसे पण अडकवले. वाईनची द्राक्षं बाजारात कोण घेणार, बारीक मणी, आत बिया, जाड साल. शेवटी जेसीबी लावून बाग काढली. मी तेव्हा कॉलेजला होते, सुट्टीत घरी आले तर बांधावर वेलींचा ढीग वाळत पडला होता.

तर अशा घरातली मी लग्नानंतर फिनिक्सच्या शेजारी चँडलरला येऊन पडले, आणि पहिली तीन वर्षं मला माहीतच नव्हतं की ॲरिझोनात वाईन होते. कशी माहीत असणार, खिडकीबाहेर बघितलं तर सवारो निवडुंगाचे खांब, खडी, आणि उन्हाळ्यात पारा ४३ च्या खाली यायला तयार नाही (२०२३ ला सलग ३१ दिवस ११० फॅरनहाईट किंवा त्याच्या वर होतं, आम्ही एसीची बिलं फ्रेम करून ठेवायच्या बेतात होतो).

कळलं ते नवऱ्यामुळे, आणि त्याला वाईनशी काडीचं देणंघेणं नाही. हा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलपासूनचा टूल नावाच्या रॉक बँडचा भक्त, आणि त्या बँडचा गायक मेनार्ड जेम्स कीनन जेरोम नावाच्या गावात राहून वाईन बनवतो हे त्याला कुठेतरी समजलं. झालं. मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता गाडीत बसवलं मला, दर्शनाला निघाल्यासारखं.

आय-१७ हायवेने उत्तरेला चढत गेलं की सवारो एका ठिकाणी अचानक संपतात, मग गवत, मग झुडपं, आणि दीडपावणेदोन तासांत तुम्ही व्हर्डी व्हॅलीत उतरता जिथे खरंच नदी आहे आणि नदीला पाणी आहे. मला पहिला धक्का तिथेच बसला. फिनिक्स ११०० फुटांवर, ही दरी ३००० च्या पुढे, आणि जेरोम तर पार ५००० फुटांवर डोंगराच्या उताराला चिकटलेलं, जुनं तांब्याच्या खाणीचं गाव. दिवसा ऊन कडक पण रात्री गार, दिवसरात्रीत एवढा फरक पडला की द्राक्षात साखर भरते पण आंबटपणा उडून जात नाही. हे मला कोणी समजवायची गरज पडली नाही, निफाडच्या थंडीत वाढलेय मी. पण वाळवंट म्हणजे सपाट वाळू हे जे डोक्यात होतं ते त्या घाटात गेलं.

जेरोमला त्या गायकाची कॅड्यूसियस सेलर्सची टेस्टिंग रूम आहे. नवरा आत गेला आणि पाच मिनिटं नुसता भिंतीकडे बघत उभा, कारण मेनार्ड काही काउंटरवर ग्लास भरत उभा नव्हता. त्या गायकाने एका मळ्याला आपल्या आईचं नाव दिलंय, ज्युडिथ, आणि तिची रक्षा त्या वेलींत विसर्जित केलीय. हे ऐकल्यावर नवरा गप्प झाला आणि मीपण.

आता टेस्टिंग म्हणजे नक्की काय करतात ते सांगते, कारण मला काहीच येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. तुम्ही आत गेलात की आधी आयडी बघतात. मग कार्ड देतात, त्यातली फ्लाईट निवडायची, फ्लाईट म्हणजे चारपाच वाईनचा सेट, पंधरा ते पंचवीस डॉलरच्या आसपास, प्रत्येक वाईन दोन घोट असेल नसेल एवढीच ओततात. पांढरीपासून सुरुवात आणि गडद लालकडे शेवट. काही ठिकाणी बाटली घेतली तर टेस्टिंगचे पैसे माफ करतात आणि म्हणूनच आपण बाटली घेतो, हिशोब घरी आल्यावर कळतो. ग्लास दांडीला धरायचा, फिरवायचा, नाक घालायचं, घोट तोंडात खेळवायचा. आणि काउंटरवर एक भांडं असतं, नको असलेली ओतायला किंवा थुंकायला. नवरा म्हणाला ही तर पिकदाणी. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला पिकदाणीच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ज्याला गाडी चालवायचीय त्याने ती लाज न बाळगता वापरावी, कारण ॲरिझोनात ०.०८ ची मर्यादा आहेच पण त्याच्या खाली असलात आणि थोडीशी जरी चढून गाडी चालवताना दिसलात तरी केस होते. आमच्यात ठरलेलंच आहे, तो गाडी चालवतो आणि चवीपुरतं जिभेला लावतो, मी पिते.

पहिल्या दिवशी मला काहीही कळलं नाही. काउंटरवरची मुलगी म्हणायची यात लेदर येतंय का बघा, टोबॅको, ग्रॅफाईट. लेदर? माझ्या डोक्यात लेदर म्हणजे पावसात भिजलेल्या कोल्हापुरी चपला. मी नुसती मान हलवत होते. मग कॉटनवुडला आलो, तिथल्या जुन्या बाजारपेठेत एकाच रस्त्यावर ओळीने टेस्टिंग रूम आहेत, चालत चालत फिरायचं, आणि तिथे एका ठिकाणी ओतणारे आजोबाच होते, म्हणजे सत्तरीचे असतील. त्यांनी मला विचारलं तुला काय आठवतं ते सांग, कार्डावरचं सोड. मी म्हणलं जांभूळ. ते म्हणाले ते काय असतं? आता जांभूळ कसं समजवणार, मी म्हणलं एक फळ असतं, खाल्लं की जीभ जांभळी होते आणि जिभेला आतून कोणीतरी आवळल्यासारखं होतं. त्यांनी टाळी दिली. म्हणाले दॅट्स टॅनिन.

तिथे माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, तुरट. सहा रसांतला एक रस आहे आपला आणि हे लोक कागदावर तीन ओळी लिहून त्याच्या आसपास फिरतात. त्यानंतर मी इंग्रजी कार्ड वाचणंच बंद केलं. माल्वाझिया नावाची पांढरी वाईन आहे, इथे बरीच पिकते, तिचा वास घेतला की मोगऱ्याचा गजरा आणि संत्र्याची साल. पिकपूल म्हणजे जीभ झिणझिणवणारी आंबट, कैरीचं पन्हं साखर टाकायला विसरल्यासारखी. सिरा, म्हणजे काकांचं शिराजच ते, जांभूळ आणि काळी मिरी. मुर्वेदला मला चक्क मिश्रीचा वास येतो, आजीच्या डबीचा, नवरा म्हणतो तुझं काहीतरीच. त्याला सगळ्याच आंबट लागतात, फक्त कुठल्या महाग आहेत ते त्याला बरोबर कळतं.

संध्याकाळी परतताना क्लार्कडेलला याव्हापाय कॉलेजच्या साऊथवेस्ट वाईन सेंटरला थांबलो आणि मला ते सगळ्यात आवडलं. सरकारी कम्युनिटी कॉलेज आहे, पोरं तिथेच वेली लावतात, छाटतात, तोडतात, वाईन करतात आणि तिथेच विकतात. रॅकेटबॉल खेळायच्या जुन्या इमारतीत वाईनरी बसवलीय. आमची फ्लाईट ओतणारी बाई पंचेचाळिशीची होती, आधी नर्स होती म्हणाली, आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिने ओतलेल्या वाईनमधली एक तिच्याच बॅचने बनवलेली. तिला त्या वाईनबद्दल सगळं माहीत होतं, कुठल्या दिवशी तोडली, किती ब्रिक्स होतं (म्हणजे रसातली साखर), कुठे चुकलो. मी घरी जाताना काकांचा विचार करत होते, त्यांना करारातला भाव पाठ होता, ब्रिक्स पाठ होतं, पण त्यांच्या द्राक्षाची वाईन त्यांनी आयुष्यात चाखली नव्हती. आमच्याकडे कोणीच नाही चाखली. गेटवर काटा होणार, पावती मिळणार, संपलं.

मग मी नादाला लागले.

मे महिन्यात विलकॉक्सचा वाईन फेस्टिवल असतो, तिथे गेलो. चँडलरहून तीन तास, टूसॉनच्या पुढे आय-१० ने पूर्वेला. ॲरिझोनाची वाईनची द्राक्षं निम्म्याहून जास्त याच भागात पिकतात, कॉटनवुडच्या टेस्टिंग रूममध्ये जे पितो त्यातलं पण बरंच इथून गेलेलं असतं. गाव एवढंसं, मधून रेल्वे, रेल्वेच्या कडेला पार्क आणि पार्कात तंबू. तिकीट काढलं की एक ग्लास हातात देतात आणि कुपनं, एक कुपन एक टेस्टिंग. दर थोड्या वेळाने मालगाडी जाते, इतकी लांब की मध्ये बोलणं थांबवून सगळे ग्लास धरून उभे राहतात, गाडी गेली की वाक्य पुढे चालू. वारा असा की कुपनं उडाली माझी दोन. हायवेवर पाट्याच आहेत धुळीच्या वादळात गाडी बाजूला घ्या, दिवे बंद करा म्हणून. जवळच विलकॉक्स प्लाया आहे, कोरडा पडलेला तलाव, मैलोन्‌मैल पांढरं सपाट, हिवाळ्यात तिथे हजारोंनी क्रौंच येतात म्हणे, तेव्हा परत जायचंय.

फेस्टिवलचं एक बरं असतं आणि एक वाईट. बरं हे की एकाच मैदानात सगळे मळेवाले स्वतः उभे असतात, हातावर मातीच्या भेगा असलेले, त्यांना प्रश्न विचारता येतात. वाईट हे की सहाव्या कुपनानंतर कोणाला काय विचारलं ते आठवत नाही. माझा सल्ला, जास्तीत जास्त आठ, मध्ये पाणी, आणि पोटात काहीतरी असू द्या. आम्ही डब्यात भाकरवडी नेली होती, ती माल्वाझियाबरोबर अशी काही लागली की शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला पण दिली आणि त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं. लाल वाईनबरोबर मात्र भाकरवडी नको, तिखट आणि तुरट एकत्र आलं की तोंडात नुसती जाळपोळ.

तिथल्या एका मळेवाल्याशी अर्धा तास बोलत उभी होते. मी द्राक्षवाल्याची मुलगी म्हणल्यावर तो वाईन ओतायचं विसरूनच गेला. त्याचं दुःख ऐकून मला वाटलं आमच्या चावडीवरच बसलेय. एप्रिलमध्ये पालवी फुटली की उशिराचं दव गोठतं आणि एका रात्रीत सगळं काळं, म्हणून मळ्यात मोठे पंखे उभे केलेत, वरची उबदार हवा खाली ढकलायला. मी म्हणलं आमच्याकडे निफाडला पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवतात. मग जुलैपासून मान्सून. हो, ॲरिझोनात पण मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. आणि इथेच आपलं आणि त्यांचं उलटं आहे. नाशिकला पावसाळ्यात वेलीवर घड नसतात, एप्रिलला काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला घडांसाठी गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च कोरड्या हवेत माल निघतो. छाटणीचं सगळं गणितच पाऊस चुकवायचं आहे. इथे वेल हिवाळ्यात झोपते, त्यामुळे छाटणीने पीक पुढेमागे करता येत नाही, आणि ते पिकायला लागतं ऑगस्टला, म्हणजे बरोबर वादळं आणि गारा चालू असताना. आमच्याकडे अवकाळी आला की पेपरात बातमी येते, यांच्याकडे दरवर्षीचा पाऊसच अवकाळी. तो म्हणाला जो प्रकार लवकर पिकतो किंवा ज्याची साल जाड आहे तोच इथे टिकतो, बाकी हौस.

पाण्याचं पण बोलला. विलकॉक्सच्या खोऱ्यात वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी ज्याला हवं तितकं उपसलं, मोठ्या डेअऱ्या आणि चाऱ्याची शेती आली, लोकांच्या घरच्या विहिरी आटल्या, आता कुठे राज्याने तिथे उपशावर नियंत्रण आणलंय. द्राक्षाला त्यामानाने कमी पाणी लागतं असं तो सारखं सांगत होता. द्राक्षवाले सगळीकडे हेच सांगतात.

येताना चार बाटल्या घेतल्या आणि इथे मी शहाणपणा केला. परतीच्या वाटेवर टूसॉनला मैत्रिणीकडे जेवायला थांबलो, बाटल्या डिकीत. मे महिन्याची दुपार, चार तास. घरी येऊन बघते तर दोन बाटल्यांचं बूच वर आलेलं आणि खाली चिकट ओघळ. एक उघडली तर मनुक्यांचा काढा. १२० डॉलरचं सरबत. तेव्हापासून गाडीत कायम थर्माकोलचा खोका आणि बर्फाच्या पिशव्या. ॲरिझोनात वाईन फिरायला जाणाऱ्या माणसाने ग्लास एकवेळ विसरावा, कूलर विसरू नये.

आता ६० डॉलरची गोष्ट. टूसॉनच्या दक्षिणेला तासाभरावर सोनोइटा आणि एल्जिन म्हणून जुळी खेडी आहेत, जवळपास ५००० फुटांवर, नुसता पिवळ्या गवताचा समुद्र आणि चारी बाजूंनी डोंगर. ॲरिझोनाच्या आत्ताच्या वाईनची सुरुवात इथून झाली. गॉर्डन डट नावाचे ॲरिझोना विद्यापीठातले मातीचे प्राध्यापक होते, त्यांनी ७० च्या दशकात प्रयोग म्हणून वेली लावल्या, तिथली लाल माती त्यांना फ्रान्समधल्या बर्गंडीच्या मातीसारखी वाटली, आणि १९८३ ला सोनोइटा व्हिनयार्ड्स काढलं. पुढच्याच वर्षी १९८४ ला त्या भागाला वाईनचा प्रदेश म्हणून सरकारी मान्यता मिळाली, आपल्या नाशिकच्या द्राक्षांना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे तसंच समजा. विलकॉक्सला ती २०१६ ला मिळाली, व्हर्डी व्हॅलीला २०२१ ला. एका मातीच्या मास्तराने सुरू केलेलं हे सगळं, अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी सांगितलं तर म्हणाले आपल्या कृषी विद्यापीठातले पण हुशार असतात गं, ऐकतं कोण.

तिथल्याच एका छोट्या मळ्याने तोडणीचा अनुभव म्हणून कार्यक्रम ठेवला होता, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, माणशी ६० डॉलर, तोडणी, नाश्ता आणि नंतर टेस्टिंग. मी अप्पांना फोनवर सांगितलं तर पलीकडे नुसती शांतता. मग म्हणाले, म्हणजे ते तुला देणार ६० डॉलर? मी म्हणलं नाही अप्पा, आपण त्यांना. हंगामात मजूर मिळत नाहीत म्हणून सकाळी पाच वाजता जीप घेऊन पेठ सुरगाण्यापर्यंत जाणारा माणूस तो, त्याला हे पचेना. आईला ओरडून सांगितलं, अगं ऐकलंस का, तिकडं लोक पैसे देऊन राबतात.

आदल्या रात्री टूसॉनला राहिलो, पहाटे सव्वाचारला निघालो, साडेपाचला मळ्यावर. गारठा एवढा की स्वेटर आणला नाही म्हणून स्वतःला शिव्या घातल्या. डोक्याला बॅटऱ्या लावलेले पंधराएक लोक, बहुतेक फिनिक्सचे रिटायर्ड, एक लग्नाआधीचं मुलींचं टोळकं सारख्या टोप्या घालून. थंडीतच तोडायचं कारण द्राक्ष गार असताना आत गेलं तर बरं, नाहीतर उन्हात तापलेला घड टबमध्येच उबायला लागतो.

वेली बघून मला हसूच आलं. आमच्याकडे मांडव किंवा इंग्रजी वायच्या आकाराचा आधार, डोक्यावर घड लोंबतात, मान वर करून काम. इथे तारेवर बसवलेली कमरेएवढी वेल, घड गुडघ्याजवळ. एकरी किती निघतं विचारलं तर म्हणे दोनतीन टन. आमच्याकडे दहा टनाच्या खाली आलं तर अप्पा आठवडाभर बोलत नाहीत. पण इथे मुद्दाम कमी ठेवतात, कमी घडांत जास्त रस चढावा म्हणून.

मालकाने हातात कात्री दिली, छोटी, वाकड्या टोकाची, आणि हात आपोआप चालायला लागले. दहावीच्या सुट्टीपासून विरळणी केलीय मी, पॅकिंग केलंय, घड कसा धरायचा ते अंगात आहे, देठाला धरायचं, मण्याला बोट लावायचं नाही, वरची पांढरी पावडर पुसली तर एक्स्पोर्टला रिजेक्ट. मी अशी एकेक घड देठाने उचलून बाळासारखा टबमध्ये निजवत होते, पानं काढून, खराब मणी टोकाने खुडून. अर्ध्या तासाने मालक माझ्या ओळीत येऊन बघत उभा राहिला. म्हणाला, फारच सुंदर काम आहे, असं मी कधी बघितलं नाही, पण आपण हे दहा वाजता चिरडणार आहोत.

मी इतकी हसले की कात्री पडली. शेजारच्या ओळीतल्या टोप्यावाल्या मुली धबाधब तोडून टाकत होत्या आणि त्यांचे तीन टब झाले होते, माझा एक. मग मी पण लाज सोडली. पण खरं सांगते, पहिला घड मुद्दाम आपटून टाकताना हात थांबला.

साडेसहाला उजाडल्यावर अप्पांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे संध्याकाळचे सात, ओट्यावर बसलेले. मला म्हणाले तुझं तोंड नको दाखवू, वेल दाखव. मग फोन खोडापाशी. अजून खाली. कलम कुठाय? खुंट कोणतं विचार त्याला. (खुंट म्हणजे खालचं मुळाचं झाड, त्यावर हव्या त्या जातीचं कलम चढवतात.) मी मालकाला विचारलं तर तो म्हणाला ११०३ पॉलसन. अप्पा लगेच, अकराशे तीन होय, आपल्याकडं पण लावतात ते, पण डॉगरीज सांग त्याला, खारं पाणी सोसतं. मी सांगितलं आणि मालक हसायला लागला, म्हणाला डॉगरिज? ते तर इथलं शेजारचं, टेक्सासमधलं आहे. म्हणजे अप्पा इतकी वर्षं ज्या खुंटावर थॉमसन चढवतायत तो मूळचा टेक्सासचा जंगली वेल, आणि हे मला ॲरिझोनात येऊन समजलं. अप्पांना सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. म्हणाले असंल. भुरी येती का विचार. (भुरी म्हणजे वेलीवरची पांढरी बुरशी.) येते म्हणाला. काय मारतो? गंधक. हां, म्हणजे अडाणी नाही. मग मी घड कॅमेऱ्यासमोर धरला, ग्रेनाश नावाची जात होती, अप्पांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, एवढाले मणी? व्यापारी गाडीतून खाली पण उतरायचा नाही गं.

ब्रिक्स विचारलं त्यांनी, मालकाने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, एक मणी पिळला, २४. आमच्याकडे १७-१८ ला माल निघतो. अप्पा बराच वेळ गप्प, मग म्हणाले, तोंडात टाकून बघ एक. टाकला. गोड असा की घसा बसेल, मग साल चावली तर तुरट, मग बी कुडकुडीत. बी चावून बघायचं म्हणाला मालक, कडू हिरवी लागली तर अजून कच्चं, बदामासारखी लागली तर झालं. हे अप्पांना नवीन होतं. सीडलेस वाल्यांना काय माहीत बियांचं.

दहाला सगळे टब शेडमध्ये गेले, मशीनमधून देठ बाजूला आणि मणी खाली, तो रगदा साली आणि बियांसकट पिंपात. लाल वाईनचा रंग सालीतून येतो, रस तर पांढराच असतो, मला तोपर्यंत वाटायचं लाल द्राक्षाचा रस लालच. मालक म्हणाला आता दोनेक आठवडे हे फसफसणार, वर साली तरंगून जाड थर बसतो तो दिवसातून दोनतीनदा खाली दाबायचा, मग पिळून लाकडी पिंपात वर्षभर. एका पिंपात साधारण ३०० बाटल्या. नंतर झाडाखाली बसून नाश्ता, मागच्या वर्षीची ग्रेनाश, आणि त्यांनी वाईन क्लबचा फॉर्म पुढे केला, म्हणजे पैसे भरायचे आणि बाटल्या घरी येत राहतात. इथे सांभाळा. तीन ग्लासनंतर कोणताही फॉर्म भरू नये. मी भरला.

परतीला ८३ नंबरच्या रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलचं चेकपोस्ट लागतं, मेक्सिकोची हद्द जवळ आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांनी ग्रीन कार्ड किंवा व्हिसाचे कागद जवळ ठेवावेत. माझे हात कोपरापर्यंत जांभळे. त्या ऑफिसरने कार्ड बघितलं, हात बघितले, आणि विचारलं, हार्वेस्ट? मी म्हणलं हो. जा म्हणाला.

त्या तोडणीची बाटली क्लबमधून दीड वर्षाने घरी आली. मागच्या जानेवारीत भारतात गेले तेव्हा कपड्यांत गुंडाळून ती घेऊन गेले, दोन लिटरपर्यंत चालते. अप्पा पीत नाहीत, त्यांनी बूच हुंगलं आणि म्हणाले थोडं जास्त पिकू दिलंय त्यानं. काका पलीकडे बसलेले, पेपर वाचत, म्हणजे वाचत नव्हते. मी काही न बोलता स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतून त्यांच्यापुढे ठेवले. आईने माझ्याकडे डोळे मोठे केले.

काकांनी पेपर घडी करून ठेवला. पेला उचलला, वास घेतला नाही, सरळ प्याले, चहासारखे. मग जीभ टाळूला लावून बसले थोडा वेळ.

"तुरट हाये," म्हणाले.

मी म्हणलं हो काका, साल असते ना.

"त्या माणसाला द्राक्षाचे पैसे कोण देतं?"

मी म्हणलं कोणी नाही, मळा त्याचाच, वाईन पण तोच करतो आणि तोच विकतो.

काकांनी पेला परत माझ्याकडे सरकवला. मला वाटलं नको म्हणतायत. तर म्हणाले, "टाक की अजून, बघत काय बसलीस."

आईने नंतर तो पेला चिंच लावून दोनदा घासला आणि वरच्या फळीवर वेगळा ठेवून दिला.